नमुना सही

चेक परत आला. याकूबभाईंच्या नातीच्या लग्नाचा,
एकवीस हजारांचा.
सोबत छापील चिठ्ठी, चौथ्या कारणापुढे खूण:
सही जुळत नाही.

चाळीस वर्षं आमच्या तराजूंच्या दांड्या घासणारा माणूस
काउंटरपलीकडे उभा राहिला, चेक उलटा ठेवून,
जणू चूक त्याचीच.
मामंजी काही बोलले नाहीत.
गल्ल्यातून नोटा काढल्या, दोनदा मोजल्या, दिल्या,
मग चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं.

कारण त्या वर्षातला तो एकच चेक
त्यांनी स्वतः सही केलेला.

बाकीचे माझे.
पितळेचे, वीजबिलाचे, वजनमापे खात्याच्या फीचे,
उमाकांतच्या गाडीच्या हप्त्याचेसुद्धा.
पहिला केला तेव्हा मामंजी इस्पितळात,
उजवा हात सलाइनला बांधलेला,
शनिवार, कामगारांचा पगार.
'बघ तुला जमतंय का,' म्हणाले
आणि भिंतीकडे तोंड केलं.
जमलं.
पुं. के. तांबट, आणि शेवटच्या ट-चं शेपूट
मागे वळून सगळ्या अक्षरांखालून,
दांडीसारखं, सरळ.
हात बरा झाला त्यांचा. चेकबुक माझ्याच खणात राहिलं.

नागदेवी स्ट्रीटवर सगळ्यांना ठाऊक, गादी उमाकांतची.
गणपतीच्या फोटोखालची खुर्ची त्याची, कार्डावर नाव त्याचं,
दसऱ्याला पूजेला तो बसतो, मी तबक धरते.
तो वाईट नाही.
त्याला फक्त पावशेर आणि पाव किलो
यांतला फरक कधी महत्त्वाचा वाटला नाही.

लग्नात आत्याबाई म्हणाल्या होत्या,
'तांबटांच्या घरात ही पासंगालाही पुरायची नाही.'
पासंग म्हणजे काय, मला ठाऊक नव्हतं.
पुढे याकूबभाईंनी दाखवला:
हलक्या पारड्याच्या बुडाला डकवलेला शिशाचा तुकडा.
गिऱ्हाइकाला दिसत नाही.
काढला, की काटा खोटा.

सोमवारी मामंजी म्हणाले, चल बँकेत.
वाटेत हातगाड्या चुकवताना एवढंच बोलले,
'मापात पाप नको.'
मला वाटलं, आता सांगणार, बंद कर.
खिडकीत त्यांनी फॉर्म मागितला, चष्मा लावला,
जिथे मुलाचं नाव येईल असं
मी, मुलगा, सगळी गल्ली धरून चाललो होतो
तिथे पेन टेकवलं, आणि विचारलं,
'वैजयंतीतल्या वै-ला मात्रा एक की दोन?'
एकवीस वर्षं हाक मारतायत, सूनबाई.
दोन, मी म्हटलं.

कार्डावर तीन चौकटी.
'नमुना सही. तीनदा. सारखी,' खिडकीतल्या बाई म्हणाल्या.
आणि हाताला काही आठवेना.
पहिल्या चौकटीत पुं सुरू झाला,
त्याचा कसाबसा वै केला.
दुसरी आली प्रगतिपुस्तकावर आईनं करावी तशी,
सुटी सुटी अक्षरं.
तिसरीत ट-चं शेपूट मागे वळलं, धावत सुटलं,
चौकट ओलांडून शेजारच्या रकान्यात.
'या तर एकमेकींशीच जुळत नाहीत.'
बाईंनी नवं कार्ड सरकवलं.

मामंजी हसले. खोकले. मग हळू, कार्डाकडे बघत,
'ते शेपूट माझं नाही. आमच्या तात्यांचं.
अंथरुणाला खिळले होते, सव्वा वर्ष मीच ओढायचो.
पुढे सगळं माझ्या नावावर झालं,
पण हात त्याच वळणाचा राहिला.
उमाकांतलाही तेच शिकवत बसलो मी,
त्याला आलं नाही. बरंच झालं म्हणायचं.'

माझा फोन वाजत होता.
उमाकांत. दुकानाच्या शटरपाशी उभा, किल्ली कुणाकडे?
किल्ली माझ्या पर्समध्ये.
फोन उलटा ठेवला, कार्ड सरळ केलं.
वैजयंती लिहिलं. तांब लिहिलं.
ट लिहिला, आणि हात उचलला.

दोन अजून बाकी.